शंभरापैकी 92 गुण, पण रात्री कोण असतं?

पत्र : बाबा गेल्यापासून आई ठाण्याच्या घरी एकटी राहते. वय 82, साखर आहे, वॉकर घेऊन चालते. वर्षभरापासून विसरायला लागली आहे. दोनदा गॅस चालू राहिला. मी नाशिकला बँकेत आहे, नोकरीची 3 वर्षं बाकी आहेत. भाऊ न्यू जर्सीत. दोघांनी मिळून पुण्यात असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांना मदतनीस असलेली ज्येष्ठांची राहायची जागा, बघायचं ठरवलं. आई म्हणते, 'बघा तुम्ही.' शेवटी दोन जागा उरल्या. एक नवी, 40 जणांची, बाग, फिजिओथेरपी, खोलीत एसी आणि घंटेचं बटण, महिना 65 हजार. दुसरी जुन्या बंगल्यात, 16 जणांची, महिना 40 हजार. भावाने एक्सेलमध्ये 22 मुद्द्यांची शीट केली. त्यात नव्या जागेला 92 गुण, बंगल्याला 61. मी दोन्हीकडे जाऊन आले. नव्या जागेत सगळे हॉलमध्ये नीट बसले होते, टीव्ही चालू होता, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बंगल्यात एक आजी मावशींशी भांडत होत्या, आमटीत हिंग कमी आहे म्हणून. मला तिथे बरं वाटलं. भाऊ म्हणतो, 'हे तुझं फीलिंग आहे, डेटा नाही.' काळजी मोजता येते का? कशी? आणि लोक म्हणतील, 'आईला आश्रमात टाकलं.' – एक लेक, नाशिक

नमस्कार ताई,

आधी भावाला सांगा की त्याची शीट मला आवडली. चेष्टा करत नाही. 'देवळाजवळ आहे, शांत आहे' एवढ्यावर आईवडिलांची जागा ठरवणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. त्याने निदान बसून 22 मुद्दे काढले. तुम्ही शीट सोबत जोडलीत म्हणून मी ती ओळ न ओळ वाचली. त्यातले 19 मुद्दे इमारतीचे आहेत. लिफ्ट, जनरेटर, बाग, खोलीचं क्षेत्रफळ, बाथरूममधल्या पकडदांड्या. उरलेले 3 म्हणजे गुगलवरचे तारे, जेवणाचा मेनू आणि महिन्याचा खर्च. आईला रोज हात लावणारी माणसं त्या शीटमध्ये कुठेच नाहीत.

मी 33 वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची 8 वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना एक गोष्ट घोकून घ्यायचो. अवेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये ती मांडली होती: दर्जा बघायचा तर तीन ठिकाणी बघा. तिथे काय आहे, तिथे काय केलं जातं आणि त्याने माणसाचं काय झालं. घंटेचं बटण आहे, हे झालं पहिलं. घंटा वाजवल्यावर किती मिनिटांत कोणी येतं, हे दुसरं. कोणी आलं नाही म्हणून आजी एकट्या उठल्या आणि पडल्या का, हे तिसरं. तुमच्या भावाने बटणाला 5 पैकी 5 दिलेत आणि शीट तिथेच थांबली आहे.

तो अमेरिकेत राहतो, तर त्याला तिकडचंच उदाहरण द्या, पटकन पटेल. तिथे सरकार नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं, 2008 पासून. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं, तिकडे नर्सिंग होम म्हणजे कायमची शुश्रूषा लागणाऱ्यांची राहायची जागा.) असिस्टेड लिव्हिंगला हे तारे नाहीत, तो विषय तिथे ज्या त्या राज्याचा. पण ताऱ्यांचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला 'आमच्याकडे इतके कर्मचारी' हा आकडा नर्सिंग होमनेच द्यायचा. 2016 पासून सरकारने तो पगारपत्रकावरून मागायला सुरुवात केली, म्हणजे कोणाला कोणत्या दिवशी किती तासांचा पगार दिला त्यावरून. आणि जुलै 2022 पासून ताऱ्यांत आणखी दोन गोष्टी धरल्या: शनिवार-रविवारी किती जण कामावर असतात, आणि वर्षभरात किती जण नोकरी सोडून गेले. एवढी मोठी यंत्रणा एवढी वर्षं मोजत राहिली आणि येऊन पोचली हजेरी, सुट्टी आणि टिकणारी माणसं या तीन गोष्टींपाशी. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

'40 जणांना 24 कर्मचारी' असं नव्या जागेच्या माहितीपत्रकात छापलंय. ऐकायला छान. आता कागद-पेन घ्या. स्वयंपाकघरात 4, सफाईला 4, गेटवर 3, ऑफिसात 2, गाडीवर 1. हे 14 वजा केले की उरतात 10. माझा हा अंदाज आहे, खरा आकडा तुम्ही विचारून घाला. या 10 जणींना आठवड्याची एक सुट्टी असणारच, म्हणजे रोज कामावर सरासरी साडेआठ. कोणाच्या गावाला जत्रा, कोणाचं पोर आजारी, की झाल्या आठ. दिवसपाळीला सहा ठेवल्या तर रात्री राहिल्या दोघी. चाळीस म्हाताऱ्या माणसांना दोघी.

समजा, त्या चाळिसातले सहा जण अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री 10, 12, 2, 4 आणि सकाळी 6, अशा पाच फेऱ्या. सहा माणसं, पाच फेऱ्या, म्हणजे 30 वेळा. अंगाने जड माणूस एकटीला वळवता येत नाही, दोघी लागतात; डायपर बघणं धरलं तर प्रत्येकी दहा मिनिटं. म्हणजे 300 मिनिटं, पाच तास. आठ तासांतले पाच तास दोघींचे तिथेच गेले. उरलेल्या 34 जणांपैकी साखरवाल्या आजींना रात्री तीनदा बाथरूमला जायचंय. त्या घंटा दाबतील, थोडा वेळ वाट बघतील आणि मग वॉकर ओढून स्वतः उठतील. तुमच्या आईसुद्धा उठतील, कारण रात्री कोणाला त्रास द्यायचा नाही ही त्यांची आयुष्यभराची सवय असणार. गणित जमत नसेल तर दोनच गोष्टी होतात: कूस बदलली जात नाही, पण रजिस्टरमध्ये टिक होते, किंवा चालत्याफिरत्या माणसालाही डायपर चढवला जातो.

दुसरी गोष्ट मी घरात अनुभवली. माझ्या सासूबाई चार महिने एका नावाजलेल्या ठिकाणी होत्या. नाव लिहीत नाही. मी स्वतः नर्स, सगळं बघून घेतलं असं मला वाटत होतं. इमारत इतकी चकचकीत की पायातल्या चपलांची लाज वाटावी. एकदा सकाळी पावणेसहाला, मुद्दाम नव्हे, पुण्याहून पुढे जायचं होतं म्हणून गेले. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, केस ओले, पावडर लावलेली, मान खाली. आंघोळ साडेचारलाच झाली होती. दिवसपाळीची माणसं यायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायचा तिथला नियम होता. घरी सासूबाई साडेसातशिवाय पाण्याला हात लावत नसत. शिवाय डायपर. त्या आल्या तेव्हा आपल्या पायाने बाथरूमला जात होत्या. विचारलं तर केअरटेकर म्हणाली, 'आजींना आता समजत नाही, मॅडम.' मी त्यांना हाताला धरून नेलं. त्या गेल्या, बसल्या, झाल्यावर म्हणाल्या, 'इथे कोणी विचारतच नाही गं.' बाराव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं. तोपर्यंत दर रविवारी दुपारी मी तिथे जात होते आणि दर रविवारी सगळं उत्तम होतं.

म्हणून रविवार दुपार मोजू नका. ती आपल्यासाठी सजवलेली असते. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे कोजागरीचे आणि दिंडीचे फोटोही आपल्यासाठीच. गुगलवरचे तारेही तुमच्या-आमच्यासारखी रविवारी येणारी मुलंच देतात. संध्याकाळी साडेसहा ते आठ जा. विस्मरणाच्या माणसांची घालमेल दिवेलागणीला वाढते, 'घरी जायचंय' तेव्हा सुरू होतं, आणि नेमकी तेव्हाच पाळी बदलते. मोबाईल पर्समध्ये ठेवून हॉलमध्ये एक तास बसा आणि एकच गोष्ट मोजा: एखादी मावशी एखाद्या आजी-आजोबांशी कामाव्यतिरिक्त किती वेळा बोलली. 'तोंड उघडा', 'उठा', 'चला' हे धरायचं नाही. 'आजी, तुमची नात पास झाली का?' हे धरायचं. टीव्ही धरायचा नाही. शून्य आलं तर शून्य लिहा. हा डेटाच आहे, भावाला सांगा.

आता पडण्याबद्दल. व्यवस्थापकाला विचारा, 'गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडे किती जण पडले?' उत्तर 'आमच्याकडे कोणी पडतच नाही' असं आलं तर चहा प्या आणि निघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 65 वर्षांवरचे 28 ते 35 टक्के लोक दर वर्षी पडतात, वय वाढेल तसं प्रमाण आणखी वाढतं. चाळीस म्हातारी माणसं आणि एकही पडलं नाही, याचा अर्थ त्यांना उठूच देत नाहीत, नाहीतर लिहीत नाहीत. जी जागा वही काढून दाखवते, 'हे बघा, नऊ जण पडले, त्यातले पाच पहाटे बाथरूमला जाताना, म्हणून आम्ही तिथे रात्रीचा दिवा लावला आणि चारची फेरी वाढवली,' तिथे माझा जीव अर्धा निवांत होतो. तुलना करायची तर नुसते आकडे धरू नका. 40 जणांत महिन्याला 4 पडणं आणि 16 जणांत 4 पडणं यात फरक आहे. 40 माणसं गुणिले 30 दिवस म्हणजे 1,200 दिवस, त्यात 4, म्हणजे हजार दिवसांमागे साधारण 3.3. बंगल्यात 480 दिवसांत 4 असतील तर 8.3. भावाला हे गणित आवडेल. मात्र वही प्रामाणिक नसेल तर या भागाकाराला काडीचा अर्थ नाही. ते बंगल्यालाही लागू आहे. तुम्हाला तिथे बरं वाटलं म्हणून त्याची वही बघायची सोडू नका. सोळा जणांना रात्री एकच मावशी असेल आणि ती स्वयंपाकघरात झोपत असेल, तर हिंगाच्या भांडणाचं मला कौतुक नाही.

हिंगाच्या भांडणाबद्दल मात्र एक बोलते. एवढ्या वयाची बाई मावशीला तोंडावर 'आमटी बेचव झालीय' म्हणू शकते आणि मावशी उलट बोलते, ही मोजण्याजोगी खूण आहे. तक्रार केली तर आपलं काही वाईट होणार नाही, असा त्या आजींना भरवसा आहे. जिथे सगळे 'छान आहे, छान आहे' म्हणतात, तिथे तो भरवसा आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो.

आईच्या अंगावरही आकडे असतात. दाखल करायच्या दिवशी वजन घ्या, मग दर महिन्याला त्याच काट्यावर, सकाळी नाश्त्याआधी. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरलं तर धोक्याची घंटा. आई 52 किलोच्या असतील तर महिन्यात 2.6 किलो. साडी सैल होण्याची वाट बघू नका. भेटायला गेलात की पायमोजे काढून टाचा बघा, बेडसोर पाठीसारखाच टाचेवरही सुरू होतो. नखं बघा. चष्म्याच्या काचा बघा. धुरकट काचा म्हणजे आठवडाभर कोणी त्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की खिडकीत? आणि दाखल होतानाच सहा गोष्टी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या: आंघोळ, कपडे घालणं, संडास-बाथरूमला जाणं, पलंगावरून उठणं, लघवी-शौचावरचा ताबा, हाताने जेवणं. यातलं आई आज काय स्वतः करतात, काय आधाराने करतात. तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढा. म्हातारपण उतरणीचंच असतं, तो दोष जागेचा नाही. पण ज्या महिन्यात आई बाथरूमला जायच्या थांबल्या, त्या महिन्यात आजार झाला होता की माणसं कमी होती, हे त्या कागदामुळे विचारता येतं.

साखर आहे म्हणून जेवणाच्या वेळा नीट विचारा, मेनू नको. रात्रीचं जेवण 6 वाजता आणि नाश्ता साडेआठला असेल तर मध्ये साडेचौदा तास जातात. अमेरिकेत नर्सिंग होमना रात्रीचं जेवण आणि नाश्ता यांत 14 तासांपेक्षा जास्त अंतर साधारणपणे ठेवता येत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर पहाटे उतरू शकते, दरदरून घाम येतो, आणि मग 'आजी आज जरा भ्रमिष्टासारख्या करतायत' असं आपल्याला कळवलं जातं. रात्री नऊला पेलाभर दूध, राजगिऱ्याचा लाडू, काहीही, पण कोण देणार आणि कुठे लिहिणार ते विचारा.

गुंगीच्या गोळ्यांचं तर विचाराच. दर महिन्याला औषधांच्या चार्टचा फोटो मागा. क्वेटायपिन, ऑलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारांवरच्या औषधांपैकी काही नव्याने दिसलं तर कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती दिवसांसाठी दिलं ते लेखी घ्या. ही औषधं वाईटच असतात असं नाही, कधी कधी लागतात. पण डिमेन्शियाच्या, म्हणजे विस्मरणाच्या आजाराच्या, वृद्धांमध्ये त्यांच्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने यातल्या नव्या औषधांसाठी 2005 मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांसाठी 2008 मध्ये दिला. मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. तुम्हाला नव्या जागेत हॉलमध्ये सगळे 'नीट बसलेले' दिसले आणि कोणी बोलत नव्हतं. मी असते तर तिथे हाच प्रश्न पहिला विचारला असता.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची तरतूद आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष आणले, त्यात रुंद दरवाजे, व्हीलचेअर जाईल अशा लिफ्ट, न घसरणाऱ्या फरश्या आहेत. सगळं हवंच आहे. पण त्या रुंद दरवाज्यातून रात्री अडीचला कोण येणार, हे करारातच लिहून घ्यावं लागतं. करारात आणखी तीन गोष्टी बघा: आई अंथरुणाला खिळल्या तर ठेवून घेणार का, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि रात्री हॉस्पिटलात न्यायचं झालं तर सोबत कोण जाणार. काही बिनसलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.

लगेच कायमचं ठरवू नका. दोन्ही ठिकाणी 15-15 दिवस राहायची सोय होते का विचारा, पुष्कळ ठिकाणी होते. आईला 'बरी आहेस ना?' विचारू नका, त्या 'हो' म्हणतील आणि तुम्ही जेवलात का ते विचारतील. 'काल रात्री बाथरूमला कोण घेऊन गेलं? तिचं नाव काय?' असं विचारा. विसरभोळ्या माणसालाही मायेने वागणारीचं नाव पुष्कळदा लक्षात राहतं, नाव नाही तर निदान 'ती सातारकडची' एवढं तरी. तीन आठवड्यांनी त्याच मावशी तिथे आहेत का, तेही बघा.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी, तुमच्याच शब्दांत, 'आईला आश्रमात टाकलं' असं लोक म्हणतील असं लिहिलंय. म्हणतील. ठाण्याच्या घरी गॅस चालू राहिला तेव्हा त्यांच्यापैकी कोणी आलं होतं का, एवढंच मी विचारेन. तुमचा भाऊ तिकडून रात्री जागून शीट करतोय, तुम्ही नाशिकहून रजा टाकून दोन्हीकडे जाऊन आलात. यात टाकणं कुठे आहे ते मला दिसलं नाही.

पंधरा दिवसांसाठी जाताना आईच्या साड्या, स्वेटर आणि शालीवर नाव शिवून द्या. मार्करने लिहू नका, दोन धुण्यांत जातं आणि मग दुसऱ्याच कोणाची शाल अंगावर दिसते. कवळी असेल तर तिच्या डबीवर नाव, कानाचं यंत्र असेल तर जादा बॅटऱ्या. आणि वजनकाटा आपलाच न्या.